माझ्या अंगावरचा बाण

मी एक जुनी दगडाची कांडी आहे. हे ऐकून तुमच्या मनात काय आलं ते मला कळलं. दगडच तो, त्याचं कसलं आलंय आयुष्य, असंच ना? मित्रांनो, दगडाला मन नसतं हे माणसांनी दगडाला न विचारताच ठरवून टाकलेलं आहे. आणि आज मी काही तुमची करमणूक करायला बसलेली नाही. माझा जीव कासावीस झालाय म्हणून सांगते. खरं काय ते मला एकटीला माहीत असावं आणि मला तोंड नसावं, ही शिक्षा मी फार वर्षं भोगते आहे.

तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत जेवढं अंतर, तेवढी माझी लांबी. मी एका बाजूनं गोल आणि दुसऱ्या बाजूनं सपाट आहे, कारण मला मधोमध चिरलेलं आहे. गोल बाजूवर लाल रंगानं एक बाण काढलेला आहे. जमिनीत असताना माझं कुठलं टोक खाली होतं ते दाखवण्यासाठी तो काढला, आणि तो साफ उलटा आहे. तो कसा काढला गेला ते सांगायच्या आधी माझा जन्म ऐका, त्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

माझा जन्म जमिनीखाली फार खोल झाला. कधी ते विचारू नका, तेव्हा दिवस मोजायला कुणी नव्हतं. वितळलेला खडक वर यायला निघाला आणि अर्ध्या वाटेत अडकला. वर फुटून निघालो असतो तर ज्वालामुखी म्हणून नाव झालं असतं. आम्ही आपले आतल्या आत थिजलो. थंड होताना अंगाला बारीक भेगा पडल्या आणि त्या भेगांमधून खदखदणारं पाणी वर चढू लागलं. तांबं आणि गंधक पोटात घेऊन आलेलं ते पाणी जरा निवलं की आपलं ओझं वाटेतच टाकायचं. माझ्या वाट्याला ते भरपूर आलं. माझ्या भेगा पितळेसारख्या पिवळ्या खड्यांनी भरून गेल्या. माझ्या वर राहणाऱ्या भावंडांपर्यंत पोचेस्तोवर पाण्यातलं तांबं संपत आलेलं असायचं. त्यांच्या अंगात नुसते पिवळे धागे उरले, आणि त्यांच्याही वरचे तर पार कोरे राहिले. थोडक्यात काय, आमच्या घरात श्रीमंती होती ती तळमजल्यावर. एवढं लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच झाला.

पुढे ऊन-पावसानं डोंगर झिजला आणि वरच्या भावंडांचं अंग उघडं पडलं. तांब्याला हवापाणी लागलं की ते हिरवं पडतं, आणि सोबतचं लोखंड गंजतं. डोंगराच्या कुशीवर एक तांबूस डाग आणि त्यात हिरवे ठिपके दिसू लागले. तो डाग बघून माणसं आली. येतानाच त्यांच्या नाकी नऊ आले. गाडीरस्ता संपल्यावर पुढे नुसता चढ, वाटेत ना झाड ना पाणी. बोअर मशीनचे भाग सुटे करून दोरांनी ओढत वर चढवावे लागले. पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक लांबलचक शेड, एवढीच तिथली वस्ती होती. पाणी खालून टाकीत भरून यायचं. त्यातलं बरंचसं मशीनच पिऊन टाकायचं, त्यामुळे माणसांच्या आंघोळींना कात्री लागायची.

या वस्तीत एक बाप आणि एक मुलगी होती. बापाला सगळे मिस्त्री म्हणायचे. मशीन चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. हिऱ्याचे कण बसवलेलं गोल पातं खडक कापत खाली जातं आणि मधला खडक नळीत अखंड राहतो. तीच आमच्यासारखी कांडी. मुलगी दगडांचं शास्त्र शिकलेली. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. मिस्त्रींनी आपल्या पगारातून तिला शिकवलं, आणि शिकून ती परत आली ती थेट बापाच्या मशीनपाशी. बापानं कांडी काढायची आणि लेकीनं ती वाचायची, असं त्यांचं जमलं होतं. भांडायचे मात्र रोज.

"बाबा, या पेटीत नुसता चिखल आहे," ताई म्हणायची.

"मग धू की. हात कशाला दिलेत तुला?"

"हात आहेत. पाणी तुमच्या मशीननं संपवलंय."

"माझं मशीन थांबलं तर तुला वाचायला काय, खोलीचे पत्रे देऊ?" असं म्हणून मिस्त्री हसायचे आणि हसता हसता खोकायचे. वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या दगडाच्या धुळीचा तो खोकला होता.

पेटी भरायची एक रीत होती, आणि ती मिस्त्रींनीच लावलेली होती. पेटी म्हणजे लांबट लाकडी खोकं, आत कांड्या ठेवायला आडवे कप्पे. पेटीच्या एका कोपऱ्याला लाल रंग असायचा. तो कोपरा आपल्या डाव्या हाताला, वरच्या अंगाला येईल असं उभं राहायचं आणि तिथून सुरुवात करायची. जमिनीतली सगळ्यात वरची कांडी पहिली, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची. एक कप्पा भरला की परत डावीकडून दुसरा, पुस्तक वाचतात तसं. ताई शाळेतही जात नव्हती तेव्हा मिस्त्रींनी तिला ही रीत खडूच्या तुकड्यांवर शिकवली होती. एकदा एका नव्या माणसानं दोन कांड्यांची अदलाबदल केली, तर मिस्त्रींनी त्याच्याकडून अख्खी पेटी रिकामी करून परत भरून घेतली होती. हे सगळं मला पुढे पेट्यांमधल्या भावंडांनी सांगितलं.

पण डोंगर काही दाद देईना. एकामागून एक भोकं पाडून झाली, शेडमध्ये पेट्यांवर पेट्या चढल्या, आणि बघावं त्या पेटीत तेच. कोरा दगड, नाहीतर पिवळे धागे. दुसरं कुणी असतं तर वैतागून निघून गेलं असतं. ताईनं त्या धाग्यांचा पिच्छा सोडला नाही.

"हे धागे खालून वर आलेत, बाबा. याचं मूळ खाली आहे. आपण दर वेळी जरा आधीच थांबतोय."

"जरा म्हणजे किती?"

"ते मला तरी कुठे माहीत आहे? पण आहे. मी शब्द देते."

मिस्त्रींना दुसरीकडे चांगलं काम चालून आलं होतं, सपाटीवर, दवाखान्याच्या जवळ. त्यांनी ते नाकारलं. लेकीनं शब्द दिलाय म्हटल्यावर त्यांच्यापुरता प्रश्न मिटला होता. त्यांना आयुष्यात एकदा तरी आपल्या मशीननं एखादं मोठं तांबं शोधल्याचं बघायचं होतं. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून नुसती भोकं पाडली होती. ताईला हे ठाऊक होतं, आणि त्यांचा खोकला वाढलेला तिला ऐकूही येत होता. म्हणून तिची घाई चालली होती.

मग एके दिवशी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. साहेब शहरात बसायचे. ते म्हणाले, "ताई, हे शेवटचं भोक. शेवटची कांडी तांब्याची निघाली तर पुढचा हंगाम देतो, नवं मशीन देतो. कोरी निघाली तर गाशा गुंडाळायचा. आणि हे बघा, परत धाग्यांच्या गोष्टी नकोत मला."

ताई बरं म्हणाली. तिच्या हातात दुसरं होतं तरी काय? बापाची उरलेली ताकद, लेकीचा शब्द, सगळं आता एका कांडीवर येऊन ठेपलं. ती कांडी म्हणजे मी.

पातं माझ्यापर्यंत पोचलं तो दिवस मी विसरायचा म्हटलं तरी विसरू शकत नाही. आधी ते माझ्या वरच्या भावंडांमधून गेलं. चुरा झालेल्या खडकाचा एक थर लागला, मग कोऱ्या कांड्या, मग धागे, मग जाड होत गेलेले धागे, आणि शेवटी मी. नळीच्या तोंडाशी आतून दाते असलेली एक कडी असते. नळी वर ओढली की ही कडी सगळ्यात खालच्या कांडीचं बूड आवळते आणि तिला खडकापासून मोडून काढते. त्या कडीनं माझ्या बुडाभोवती ओरखडे काढले. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मला आनंद झाला होता. माझ्याखाली माझ्यासारखे आणखी कितीतरी होते, आणि मी त्यांचा निरोप घेऊन वर चालले होते.

आमची नळी वर आली आणि तिच्या बाहेरचा पाइप मागे जमिनीत अडकला. आतला खडक ढासळला होता. त्या भोकात परत उतरायची सोय राहिली नाही. हाताखालची बरीच माणसं साहेबांनी आधीच खाली बोलावून घेतली होती. एक इंजिनवाला होता, तो मशीनपाशी गुंतलेला. म्हणून शेवटची पेटी मिस्त्री स्वतः भरायला आले.

पेटी ठेवायचं बाकडं जमिनीत पक्कं रोवलेलं होतं. त्या डोंगरावर वारा कायम दरीतून यायचा आणि बाकड्यासमोर उभं राहिलं की तो पाठीवर बसायचा. त्या दिवशी वारा फिरला. माथ्यावरून सुटला तो बारीक खडी उडवत सुटला. मिस्त्रींना डोळे उघडता येईनात, खोकल्याची उबळ थांबेना. मग ते बाकड्याच्या पलीकडच्या अंगाला गेले, वाऱ्याला पाठ दिली आणि आमच्यावर वाकून आडोसा केला. पेटी होती तिथेच होती. लाल कोपरा धुळीनं झाकला होता. मिस्त्रींचा हात सवयीनं आपल्या डावीकडे गेला आणि त्यांनी पहिली कांडी ठेवली.

मित्रांनो, टेबलावर एक पुस्तक उघडं ठेवा आणि समोरच्या बाजूला जाऊन उभे राहा. पानाचा शेवट जिथे होता तिथे तुम्हाला सुरुवात दिसेल. मिस्त्रींनी कुठेही हयगय केली नाही. एकही कांडी मागेपुढे केली नाही. फक्त ते पलीकडून उभे होते. त्यामुळे पहिल्या कांडीची जागा मला मिळाली, आणि माझी, शेवटची, जागा मिळाली एका कोऱ्या कांडीला. आम्ही सगळ्या राखाडी चिखलानं माखलेल्या. कुणात तांबं आहे आणि कुणात नाही, हे पुसल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं. कांडी किती खोलवरची ते लिहून पेटीत ठेवायचे लाकडी ठोकळे संपले होते, म्हणून त्यांनी तो आकडा लेकीला तोंडी सांगितला आणि झाकण ठोकलं.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले. मिस्त्री, इकडे बघा, मी शेवटची आहे. पण दगडाचं ओरडणं कधी कुणाला ऐकू गेलंय?

शेडमध्ये ताईनं पेटी मांडली. रीतीप्रमाणे लाल कोपरा डाव्या हाताला, अगदी बरोबर. पाण्याची टाकी कोरडी पडली होती, म्हणून तिनं ओल्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली. पहिलं फडकं माझ्या अंगावर फिरलं आणि पिवळं तांबं चमकलं. "बाबा," ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, या इकडे."

मिस्त्री आले, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकले. ताई पुढच्या कांड्या पुसत गेली. दुसरीत तांबं होतं, पण कमी. मग जाड धागे आले, मग बारीक. तिचा हात हळू होत गेला. शेवटच्या कप्प्यातल्या कांड्या तिनं दोनदा पुसल्या, मग तिसऱ्यांदा. त्यांत काही नव्हतं, तर दिसणार काय?

"चुऱ्याच्या थराला लागून एक लहानसा खिसा होता तांब्याचा," शेवटी ती म्हणाली. "खाली जाता जाता संपला."

"शेवटची कांडी?"

"कोरी."

त्या वेळी एखाद्या तिऱ्हाईतानं भरलेली पेटी असती ना, तर तिनं दहा शंका काढल्या असत्या. प्रत्येक कांडीची टोकं तपासली असती. माझ्या एका टोकाला ग्रीस आणि चिखलाचा जाड पट्टा वाळला होता आणि त्याखाली कडीचे ओरखडे होते. कडीचे ओरखडे फक्त खालच्या टोकाला असतात, हे तिला काय माहीत नव्हतं? पण पेटी बाबांनी भरलेली होती. बाबांच्या पेटीवर शंका घ्यायची असते हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं लाल रंग घेतला आणि माझ्या अंगावर बाण काढला. माझ्या बुडाकडून डोक्याकडे. रेघ अगदी सरळ आली.

मग तिनं साहेबांना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. म्हणजे तिला खरं वाटत होतं ते. मिस्त्री खोलीत सामान बांधायला लागले होते. ती आत गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे नव्हतंच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

आम्हाला करवतीनं उभं चिरलं. माझं अर्धं अंग प्रयोगशाळेत गेलं, तिथे त्याचं पीठ केलं. अहवाल आला तोही पेटीसारखाच, वर तांबं आणि खाली काही नाही. शहाणी यंत्रं असतात ती. त्यांना चिठ्ठीवर वर लिहून दिलं की ती वरच म्हणतात. पेट्या डोंगरावरून उतरवून शहराबाहेरच्या एका गोदामात टाकल्या. मिस्त्री घरी बसले. ताईनं डोंगर सोडले आणि एका शाळेत नोकरी धरली. ज्याचा शब्द असा पाण्यात जातो त्यानं दगड वाचू नयेत, असं ती म्हणायची.

गोदामातले दिवस काय सांगू? सुरुवातीला कुणी कुणी येऊन बघायचं, म्हणायचं, वा, काय सुरेख कांडी आहे. मग येणारे बंद झाले. हमाल आमच्या पेट्यांवर बसून गप्पा मारायचे, त्यावर विड्या विझवायचे. चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या. छताचा एक पत्रा सरकला आणि नेमकी मी त्याखाली. पावसाचं पाणी थेंब थेंब माझ्या अंगावर पडायचं. कुणी तो पत्रा सरळ केला नाही, आणि एकदा तरी कुणी विचारेल ही आशाही मी सोडून दिली.

मग कळलं की गोदाम रिकामं करायचं आहे. लाकूड जळणात जाणार आणि आम्ही रस्त्याच्या खड्ड्यांत. मिस्त्रींच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी हट्ट धरला, माझ्या पेट्या एकदा बघू दे. तोवर त्यांची छाती पार कामातून गेली होती. ताई त्यांना गाडीतून घेऊन आली, त्यांना गाडीतच बसवलं आणि ती एकटी आत आली.

शेवटची पेटी तिनं बरोबर हुडकून काढली. मला उचललं. पावसाच्या पाण्यानं तो ग्रीसचा पट्टा कधीच धुऊन नेला होता. तिचा अंगठा माझ्या टोकावरून फिरला आणि ओरखड्यांवर थांबला. तिनं मला उजेडात धरलं. बाण बघितला. परत ओरखडे बघितले. मग मला होते तिथे ठेवून ती पेटीच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि तिथून खाली बघत राहिली. माझं तेव्हा काय झालं असेल, विचार करा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बरोबर बाजूनं बघत होतं.

तेवढ्यात मिस्त्री भिंतीला धरत धरत दारात आले.

"सापडली का गं?"

"सापडली." ती वळली नाही. "बाबा, शेवटच्या दिवशी वारा कुठून होता?"

"माथ्यावरून. अगं, खडी टोचत होती नुसती. बाकड्याच्या पलीकडून उभं राहून भरली मी ही पेटी, म्हणून नीट भरली गेली. नाहीतर सगळी धूळच भरली असती आत." हे सांगताना त्यांच्या तोंडावर समाधान होतं. "का गं?"

ती काय विचार करत होती ते मला दिसत होतं. खरं सांगितलं तर तिचा शब्द खरा ठरत होता. डोंगरात तांबं होतं, खालीच होतं, ती सांगत होती तसंच. फक्त त्यासाठी या दमलेल्या माणसाला सांगावं लागणार होतं की तुमच्या हातून आयुष्यात एकच पेटी उलटी भरली गेली, आणि ती ही. सांग, मी म्हणत होते. अगं सांग ना, मी त्यासाठीच इतकी वर्षं भिजतेय.

"बाबा, मी चुकले होते," ती म्हणाली. "शेडमध्ये पेटी मी फिरवून मांडली. ही कांडी पहिली नव्हती, शेवटची होती."

मिस्त्री एका रिकाम्या खोक्यावर बसले. "म्हणजे तांबं आहे?"

"आहे. भोक तांब्यातच थांबलं."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसले, हसताना खोकले, किती वेळ खोकत राहिले. ताई त्यांची पाठ चोळत होती. खोकला थांबला तसं त्यांचं हसूही थांबलं. त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"मी पेटी बरोबर भरून दिली होती."

"हो, बाबा."

"तुला फक्त वाचायची होती. लाल कोपरा बघायचा हे तुला शाळेच्या आधी शिकवलं होतं मी."

"हो."

ते उठले आणि तिचा आधार न घेता गाडीकडे गेले. मला त्यांनी काखेत धरलं होतं. बाकीच्या भावंडांची ती शेवटची भेट. ताईनं गोदामवाल्यांच्या हातापाया पडून बघितलं, निदान ही एक पेटी ठेवा म्हणाली. दुपारपर्यंत लॉरी भरून निघून गेली होती.

तिनं साहेबांना फोन केला तो घरूनच. शेजारच्या खोलीत मिस्त्री अंथरुणावर होते आणि दार उघडं होतं. साहेब म्हणाले, "ताई, तेव्हा कोरी म्हणालात तुम्ही. आता उलटी वाचली म्हणताय तुम्हीच. उद्या आणखी काही म्हणाल. मी कुणाच्या भरवशावर डोंगर परत घेऊ?" पेटी आली तीच उलटी, मी बरोबर वाचली, एवढी दोन वाक्यं तिला पुरली असती. ती उघड्या दाराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचंही बरोबर आहे." कंपनीनं त्या डोंगराचा नाद कायमचा सोडला.

मला तिचा संताप आला होता. खरंच सांगते, दगडाला येतो तेवढा. माझ्याखाली सबंध डोंगरभर तांबं पडलेलं, मिस्त्रींचं स्वप्न पडलेलं, आणि ही बाई एक खोटं बोलून सगळ्यावर पाणी सोडते. मिस्त्रींच्या उशाशी एका फळीवर मला ठेवलं होतं. भेटायला येईल त्याला ते मला हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हे बघा, माझ्या मशीननं काढलेलं तांबं. पोरीनं उलटं वाचलं, नाहीतर आज चित्र वेगळं असतं." लोक ताईकडे बघायचे. ती मान हलवायची आणि चहा आणायला आत जायची.

घरात ताईची आईही होती, ती मात्र फसणारी नव्हती. "लहानपणी पेन्सिल भाऊ हरवायचा आणि तू म्हणायचीस माझ्याकडून हरवली," एकदा स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "आता कुणाची हरवली आहे?"

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "आई, बरोबर भरलेल्या पेट्या, एवढंच उरलंय त्यांच्यापाशी. ते मी काढून घेऊ?"

त्यानंतर माझा संताप गेला. आणि जे उरलं ते संतापापेक्षा वाईट होतं.

शेवटी शेवटी मिस्त्रींना बोलायलाही धाप लागायची. एका सकाळी ताई त्यांची उशी सरळ करत होती. त्यांनी तिचं मनगट धरलं. "पोरी, मी फार बोललो तुला," ते थांबत थांबत म्हणाले. "लोकांदेखत बोललो. चूक कुणाकडूनही होते. मी तुला माफ केलंय."

मी फळीवरून बघत होते. तिनं त्यांच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"बरं वाटलं, बाबा," ती म्हणाली.

ते त्याच आठवड्यात गेले. आता तरी ती बोलेल असं मला वाटलं होतं. पण गेलेल्या माणसावर बोल लावायचा असता तर तिनं तो ते जिवंत असतानाच लावला असता. आता ती मला शाळेत घेऊन येते आणि तुमच्या हातांत देते. परवा तुमच्यापैकी एकीनं विचारलं, बाई, हा बाण कुणी काढला? ती म्हणाली, मी काढला, माझ्याकडून उलटा निघाला. तुम्ही सगळे हसलात. तीही हसली.

मित्रांनो, हसल्याबद्दल माझा राग नाही, तुम्हाला कुठे काय माहीत होतं? पण आता माहीत झालंय. दगड हातात आला तर टाकून देऊ नका, सगळ्या बाजूंनी बघा, त्याला कोरडं ठेवा, एवढं तर मी म्हणेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. उद्या वर्ग सुटला की तुमच्यातलं कुणीतरी एकटं मागे थांबा. बाई टेबल आवरत असतील. त्यांच्याजवळ जा आणि हळूच सांगा की बाई, चूक तुमची नव्हती. त्या नाही म्हणतील. तरी सांगा. त्यांच्या तोंडावर हे आजवर एकाही माणसानं म्हटलेलं नाही, आणि मला म्हणता येत नाही.